भंडाऱ्याची शपथ आणि झोपेची गोळी

दादानं दारू सोडली आणि तो प्यायला आहे अशी घरच्यांची खात्री पटली. घटना याच क्रमानं घडल्या, पण तो क्रम लक्षात यायला मला वेळ लागला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी राहू लागला. मी सांगलीत एका दैनिकात बातम्या तपासायचं काम करतो. निवृत्तीनंतर त्याचं पिणं संध्याकाळचं होतं. ते दुपारवर आलं, आणि शेवटी सकाळचा चहाही त्यानंतर होऊ लागला. उन्हाळ्यातल्या एका रविवारी वहिनी त्याला गावच्या खंडोबाला घेऊन गेल्या. तिथं त्यानं भंडारा उचलला. देवापुढची हळद मुठीत घेऊन दिलेला शब्द मोडला तर त्याची झळ सगळ्या घराला लागते, असं आमच्याकडे मानतात. त्याचे शब्द वहिनींनी मला फोनवर सांगितले: "नशेची वस्तू तोंडात घालणार न्हाई."

त्याच आठवड्यात वहिनींनी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. दादा ओट्यावर बसलाय, कप बशीवर खडखडतोय, सदरा घामानं भिजलाय. रस्त्यावरून कुणीतरी विचारतं, "काय फौजी, च्या पिताय का बँड वाजवताय?" हसण्याचे आवाज येतात. दादा वर बघत नाही. शेवटी वहिनींचा आवाज: "बघा भावजी, देवाला बी फसवलं ह्यांनी."

मलाही तसंच वाटलं. कापणारे हात, घामेजलेलं अंग, खाली घातलेली मान, हे सगळं ओळखीचं होतं. मी गावी पोहोचलो तेव्हा तो हातानं भिंतीवरच्या मुंग्या झाडत होता. भिंतीवर मुंगी नव्हती. वहिनींनी बाटलीसाठी गोठा, माळा, पंपाची खोली सगळं पालथं घातलं होतं.

"तोंडाला वास न्हाई," त्या म्हणाल्या. "वास न येणारी कुठली निघालीय आता?"

"वहिनी, त्यानं घेतलीच नसेल तर?"

"मग असं का करत्यात?"

आम्ही त्याला कराडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की रोजची दारू एकाएकी तोडली की शरीर असं बिथरतं आणि कधी जिवावरही बेततं. सोडायची ती औषधाच्या आधारानं सोडायची.

"म्हंजे सोडली म्हणून आजारी पडले?" वहिनींनी विचारलं.

"हो."

"आन पीत व्हते तवा बरे व्हते?"

"नाही. तेव्हाही आजारीच होते." मनाचा आजारही आहे, डॉक्टर म्हणाले, उदासी आधीची की दारू आधीची, ते आत्ता सांगता येणार नाही.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, पण समजलं म्हणून नव्हे.

काही दिवसांनी झोपेच्या आणि उदासीवरच्या गोळ्या देऊन त्याला घरी सोडलं. घरी आल्यावर दादानं झोपेची गोळी हातात घेतली आणि खाली ठेवली. "हिनं गुंगी येतीय. गुंगी म्हंजे नशाच. मी भंडारा उचललाय."

मध्येच बंद केली तर झटके येतील, अशी ताकीद डॉक्टरांनी दिलेली होती. मी त्यांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. जाणकार माणूस बोलला की वाद संपेल, असा अंदाज होता. दादानं सरळ विचारलं, "ह्या गोळीची सवय लागती का न्हाई?" डॉक्टर खरं बोलले. झोपेच्या गोळीची सवय लागू शकते, म्हणून ती थोडेच दिवस द्यायची आणि कमी करत आणायची.

"ऐकलं न्हवं?" दादा म्हणाला. "डॉक्टरच म्हणतोय."

दुपारपर्यंत त्याचे हात पुन्हा कापायला लागले. वहिनी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसल्या होत्या. शेवटी तोच म्हणाला, "देवाला इचारू."

देवळात गुरवानं कौल लावला, म्हणजे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवलं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. "देवा, ही गोळी घेऊ का नगं?" दादानं विचारलं. आम्ही थांबलो. मी फुलांकडे बघत होतो. उजवं पडावं असं मलाही वाटत होतं, आणि ते विचित्र वाटत होतं. एकही फूल पडलं नाही.

"आज देव बोलत न्हाई," गुरव म्हणाला. "पुढच्या रविवारी या."

"तवर काय करू?" दादानं विचारलं. कोणाला, ते कळलं नाही.

वहिनी म्हणाल्या, "आवं, देव न्हाई म्हणाला का?"

"न्हाई. पर व्हय बी म्हणाला न्हाई."

"मग डॉक्टर तर व्हय म्हणालाय. दोघांतला एक तरी बोललाय न्हवं?"

गुरवाला हसू आलं, ते त्यानं उपरण्यात दाबलं. वहिनींनी पदराच्या गाठीतून गोळी काढली. दादानं मूर्तीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि गोळी गिळली. पुढच्या रविवारी देवळात जायचा विषय कोणी काढला नाही.

झोपेची गोळी डॉक्टरांनी कमी करत बंद केली. उदासीवरची चालू आहे. दादानं अद्याप दारू घेतलेली नाही. काही दिवस तो रानात जातो, काही दिवस दुपारपर्यंत ओट्यावर गप्प बसतो. हे गप्प बसणं आजाराचं, औषधाचं की त्याचं स्वतःचं, हे मला ओळखता येत नाही.

परवा वहिनींनी फोनवर तेच विचारलं. "भावजी, ह्यांचा मूळचा सोबाव असाच हाय का वो? मी लग्न होऊन आले तवापास्नं पितानाच बघितल्यात. आदीचं तुमाला ठाव असंल."

दादा फौजेत भरती झाला तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर तो सुट्टीवर यायचा, आणि सुट्टीत बाटली असायचीच. त्याच्या आधीचा दादा मी आठवून पाहिला. सायकल चालवणारा एक मुलगा दिसला, पाठमोरा.

"मला ठाऊक नाही, वहिनी," मी म्हणालो.

"मग आता बघू," त्या म्हणाल्या, आणि त्याला जेवायला हाक मारायला गेल्या.