हाकेवाचून ओ

सासऱ्यांनी माझ्या रिपेअरीच्या दुकानाच्या पायरीवर पाऊल टाकायला आणि मी भोंग्याचं बटण दाबायला एकच गाठ पडली. "हाड! निघ हितनं! निघ म्हन्तो का न्हाई!" असा दणदणीत आवाज आळंदच्या बाजारात घुमला. उमरग्याहून लेकीसाठी हुरडा घेऊन आलेले सासरे जागीच थबकले. आवाज माझा नव्हता, पण दुकानात पुरुष म्हणावा असा मी एकटाच. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता बाजूच्या जिन्याने वर, आमच्या घरात गेले.

पाठोपाठ वर जाऊन त्यांची समजूत काढायला हवी होती. वरून बायकोने हाकही मारली. मी "आलो" म्हणालो आणि भोंग्याचे स्क्रू काढत बसलो.

तो पाखरं हाकलायचा भोंगा होता. आमच्याकडं ज्वारी दाण्यावर आली की रानोरान हे भोंगे दिसतात. शेतकरी त्यात स्वतःच्या आवाजात चार शिव्या भरतो, बांबूला टांगतो आणि घरी जातो. भोंगा दिवसभर मालकाच्या आवाजात ओरडत राहतो. हा भोंगा घेऊन आलेली बाई समोरच्या स्टुलावर बसली होती. तिला मी अक्का म्हणत होतो. नवरा गेल्या वर्षी रानातच छातीत कळ येऊन गेला होता. भोंगा त्याचा. तो गेल्यावर धाकट्या दिराने त्यात आपला आवाज भरला. सासऱ्यांना हाकललं ते त्यानेच.

"अण्णा, ह्ये दुपारच्याला दुसरंच बोलायलंय," अक्का हळूच म्हणाली.

ज्वारीला लागूनच तिची तूर होती, कापणीला आलेली. आठवड्यापूर्वी कापायला आलेल्या बायांना भर दुपारी ज्वारीतून पुरुषाचा आवाज आला. ओरडणं नव्हे. कुणाला तरी ओ द्यावी तसा साधा एकच शब्द, "आलो." बायांनी आवाज ओळखला. विळे घेऊन ज्या निघाल्या त्या पुन्हा आल्या नाहीत. दीरही रानाकडं फिरकेना. तूर उभीच वाळत होती.

"शेंगा तडकायल्यात. दाणं मातीत चाललेत," ती म्हणाली. "बाया म्हन्त्यात, रानात मालक हाय."

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर मी कुठला मांत्रिक आहे असं वाटेल. दुकान टाकण्यापूर्वी मी बंगळूरला कॉम्प्युटरच्या चिपा तपासायच्या कामावर होतो, त्यातही आठवण ठेवणाऱ्या चिपा. आठवणीची चिप म्हणजे नंबर घातलेल्या असंख्य खोल्या. प्रत्येक खोलीत शून्य ठेवायचं आणि विचारायचं, काय ठेवलं होतं? मग एक ठेवायचा आणि पुन्हा विचारायचं. पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत, मग उलटं, शेवटापासून पहिल्यापर्यंत. जी ओळ चुकेल ती कायमची बंद करून तिच्या जागी राखीव ओळ जोडायची. मोठ्या चिपांत तशी सोय असते. असा मी आठवणींचा मास्तर. बायकोने बाजारातून आणायला सांगितलेली कोथिंबीर मात्र मला या जिन्यापासून त्या टपरीपर्यंत आठवत नसे. राखीव ओळ नाही, ती म्हणते.

तर मी भोंगा टेबलावर बराच वेळ चालू ठेवला. (आवाज कमी करून, शहाणपण उशिरा येतं.) दिराच्या शिव्यांशिवाय त्यातून काही निघालं नाही. मग मी अक्काला मनाचे खेळ कसे असतात यावर एक छोटं भाषण दिलं. तिने ते ऐकून घेतलं, भोंगा पिशवीत घातला आणि दारातून वळून म्हणाली, "भोंगा परत टांगते. तुमी दुपारच्याला रानात या. मंग सांगा."

दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकल काढून गेलो. दीर बांधापर्यंत आला, तिथून बोटाने ज्वारी दाखवली आणि बैलांना पाणी पाजायचंय म्हणून निघून गेला. बैल सावलीत रवंथ करत बसलेले मला दिसत होते.

मी एकटा आत शिरलो. ज्वारी डोक्याच्या वर. आत गेलं की वाट मागून मिटते. बाहेर वाळलेल्या तुरीच्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत होत्या, आत मात्र पान हलत नव्हतं. ऊन थंडीच्या दिवसांतलं, पण काळ्या भोंग्यावर हात ठेववत नव्हता. कणसाकणसावर पाखरं. भोंगा ओरडला, "हाड! निघ हितनं!" पाखरं जागची हलली नाहीत. इतक्या दिवसांत त्यांना दिराचा स्वभाव कळला असावा.

मी बांबूला टेकून उभा राहिलो. भोंगा ओरडे, थांबे, ओरडे. मला डुलकी येत होती. एकदा ओरडता ओरडता त्याचा आवाज मध्येच तुटला. आणि माझ्या कानाशी, दमलेला, जरासा हसरा आवाज म्हणाला,

"आलो."

सगळी पाखरं एकदम उडाली. फडफडाट डोक्यावरून गेला आणि रान इतकं गप्प झालं की तुरीचा खुळखुळाटही ऐकू येईना. मी, आठवणींचा मास्तर, मोठ्याने विचारलं, "कोण हाय?"

कुणी बोललं नाही, याबद्दल मी आजही आभारी आहे. शिवीला न हलणारी पाखरं त्या एका शब्दाला का उठली, हे मला सांगता येत नाही. अक्काचं म्हणणं, नवरा गोफण चालवायचा, पाखरांना ठाऊक होतं. पण ही पाखरं तर यंदाची.

भोंगा काढून मी दुकानात आणला. वाटेत तो मागच्या सीटवर बांधलेला होता. मी एकदाही मागे पाहिलं नाही. रस्ता सरळ होता, असं म्हणू.

दुकानात तो पुन्हा शहाण्यासारखा वागू लागला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की रानात आणि टेबलावर फरक उन्हाचा आहे. मी चिपेवर गरम हवा सोडली आणि तिच्या खोल्या वाचायला लागलो. तापली की चिप नंबर चुकत होती. बोलवावं एका खोलीला, ओ दुसरीने द्यावी. आम्ही बंगळूरला अशा चिपा टोपलीत टाकत असू. त्या कुणाच्या आवाजात ओ देतील हे तिथे कधी मनात आलं नव्हतं. दिराने भरलेला आवाज तोकडा होता. त्याच्या पुढच्या खोल्यांत अक्काच्या नवऱ्याचा जुना आवाज तसाच पडून होता, कुणी पुसलाच नव्हता. तापलेली चिप उडी मारून तिथे जात होती.

जुनं होतं तेवढं सगळं मी कॉम्प्युटरवर काढून घेतलं, पण ऐकलं नाही. ते माझं नव्हतं. अक्काला निरोप धाडला. ती आली, सोबत तूर कापणाऱ्या बायांतली एक म्हातारी. म्हातारी दाराच्या बाहेरच उकिडवी बसली.

मी आवाज सुरू केला. आधी त्याच्या आरोळ्यांचा तुटका शेवट. मग आरोळ्या थांबल्या, पण भरणं थांबलं नव्हतं. बंद करायचं बटण दाबायचं तो विसरला असणार. नुसतं वाऱ्याचं सळसळणं. तो खाकरला. मग खूप लांबून, बांधावरून मारावी तशी बाईची हाक: "अवो, भाकर गार व्हायलीय, या की."

आणि जवळून, "आलो."

अक्का टेबलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ही माझीच हाक हाय."

दाराबाहेरची म्हातारी उठून आत आली. "आधी हाक हाय व्हय," ती म्हणाली. "मंग काय न्हाई. नुस्ती ओ आली म्हनून भ्यालो, बाई." उद्या विळे घेऊन येतो म्हणाली आणि बस गाठायला पुढे गेली.

मी अक्काला सांगितलं, भोंग्याला नवी चिप घालून देतो, त्यात दिराचा आवाज राहील. आणि हा आवाज तुमच्या मोबाईलवर देतो, म्हणजे तुमच्यापाशी राहील. मला वाटलं तिला तेच हवं असेल. तिने पदराने चेहरा पुसला.

"नगं, अण्णा. पुसा समदं."

"अक्का, पुन्हा मिळायचं नाही."

"कितींदा 'आलो' म्हनायला लावायचं त्याला? दमला आसंल."

तिच्या समोरच मी कॉम्प्युटरवरचं काढून टाकलं. मग जुनी चिप मशीनवर चढवली आणि कित्येक वर्षांनी तीच जुनी परीक्षा घेतली. पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत शून्य, मग एक, मग उलटं. अक्का पडद्यावरची पट्टी भरत जाताना बघत होती. पट्टी भरली, ती उठली, भोंगा घेतला आणि गेली. त्या आठवड्यात तूर कापून झाली, असं दिराने चार्जर न्यायला आला तेव्हा सांगितलं.

ती गेल्यावर मी एक करायला नको ते केलं. रिकामी चिप पुन्हा तापवली, स्पीकरला जोडली आणि स्पीकर कानाला लावून ऐकली. शांतता होती. शेवटाजवळ थोडी खरखर, एका शब्दाएवढी. त्या ओळी बिघडलेल्याच होत्या, त्या धड पुसल्या जात नाहीत, हे मला माहीत आहे. तो शब्द होता असं मी म्हणत नाही. चिप खणात टाकली. दुपारी तो खण मी उघडत नाही.

त्या दिवशी खण लावतोय तोच वरून बायकोने जेवायला हाक मारली. माझ्या तोंडून सवयीने "आलो" गेलं, आणि मी खणाकडे बघत तसाच बसून राहिलो. किती वेळ, कोण जाणे. वर गेलो तेव्हा भाकरी गार झाली होती. जेवता जेवता मी तिला सगळं सांगितलं, खरखरीसकट. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. ताट उचलून न्हाणीकडे जाताना ती थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आजपास्नं मी हाक मारली की 'आलो' म्हनायचं न्हाई. उठून यायचं."