पांढरी, गोल

औषधाच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला मी सव्वीस वर्षं उभी आहे. बसायला स्टूल आहे, पण त्यावर मालक त्यांचा जेवणाचा डबा ठेवतात. गिऱ्हाइकं पाठीमागे मला 'चौकशी खिडकी' म्हणतात. म्हणोत बापडी. लहान मुलासाठी कुणी दुखण्याचं औषध मागितलं की मी आधी विचारते, "दमा आहे का? याआधी अशा औषधाने धाप लागली होती का?" एकाने एकदा ऐकवलं, "अहो बाई, पोराचा पाय दुखतोय, छाती नाही." मी म्हटलं, "पायाची गोळीसुद्धा पोटातूनच जाते."

ही सवय मला भाचीमुळे लागली. ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, आमच्याच इमारतीत एक मजला खाली राहते. लहानपणापासून दमा. चार वर्षांची असताना तापाचं एक सिरप दिलं आणि तासाभरात छातीत शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरांनी तेव्हा नीट समजावलं. दम्याच्या सगळ्याच मुलांना असं होत नाही, बरीच मुलं ते औषध आरामात पचवतात. पण काहींची श्वासनळी आवळते, आणि ही त्या काहींतली दिसते. म्हणून आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन आणि त्या जातीचं काही हिला नको. दुखलंखुपलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून आणि वजन बघून. बहिणीने लाल पेनने हे सगळं लिहून स्वयंपाकघरातल्या कपाटाला चिकटवलं. अक्षर तिचं, सांगणं माझं. पाहुण्यांना तो कागद दाखवताना माझी छाती फुगायची.

दुकानात माझा दुसरा राग म्हणजे 'ती पांढरी गोल गोळी द्या' म्हणणारे लोक. इथे निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि गोलच असतात. "नाव घेऊन या," असं सांगून मी कितीतरी जणांना आल्या पावली परत पाठवलंय. काहींचे चेहरे पडायचे, त्याचं मला काही वाटायचं नाही. खरं सांगायचं तर थोडी मजाच यायची.

आता माझी स्वतःची गंमत ऐका. गोळ्यांचं पाकीट कापून सुट्या गोळ्या देताना नाव आणि तारीख छापलेलं टोक शेवटपर्यंत राखायचं, हा दुकानातला साधा नियम. तरी घाईत एखादा कापतोच उलट्या बाजूने, आणि मागे नाव नसलेला तुकडा उरतो. तो विकायचा नाही, फेकायचा. मी तसले तुकडे घरी आणायची. पत्र्याच्या एका डब्यात टाकायची. मालक विचारायचे, "घरी गेल्यावर ओळखणार कशा?" मी म्हणायची, "मला नाव वाचायची गरज नाही."

त्या रविवारी बहीण आणि मेहुणे बाहेर गेले होते. भाची माझ्याकडे होती. आता बारा वर्षांची आहे, जिना एकेक पायरी करून उतरणं तिला कमीपणाचं वाटतं. शेवटच्या तीन पायऱ्या एकदम उडी मारून उतरली आणि घोटा मुरगळून घेतला. मी पाय उशीवर ठेवला, बर्फ लावला, आणि डबा काढला. दोन गोळ्यांचा एक तुकडा उचलला. पॅरासिटामॉल, माझी खात्री होती.

तिने गोळी तळहातावर घेऊन विचारलं, "मावशी, ही मला चालते ना?"

"सव्वीस वर्षं मी दुकानात काय गवत उपटतेय?" मी म्हटलं. ती हसली आणि गोळी गिळली.

पाऊण तासाने ती खोकायला लागली. मग पाय विसरून उठून बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर. मी पंप दिला. पुन्हा दिला. शिट्टी थांबेना. बोलताना तिला दोन शब्दांनंतर थांबावं लागत होतं. मी तिला रिक्षात घातलं आणि वाटेतून बहिणीला फोन केला.

दवाखान्यात तोंडावर वाफेचा मास्क लागला. बहीण धावत आली, मेहुणे मागोमाग. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आज काही औषध दिलं होतं?"

"ताईला विचारा," बहीण म्हणाली. "ती औषधाच्या दुकानातच असते. तिच्या हातून चूक व्हायची नाही."

तो तुकडा तोपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर आला होता, त्याचा चंदेरी कागद, गोळीची कड. ती गोळी कशाची होती ते मला ठाऊकच नव्हतं, हे मला कळलं होतं. तेवढ्यात भाचीने मास्कच्या आतून माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरीणबाईंकडे बघून 'नाही' अशी मान हलवली. श्वास पुरत नव्हता त्या पोरीला, आणि ती माझी अब्रू झाकत होती. लाज काय असते ते मला पन्नाशीत दवाखान्यातल्या खुर्चीवर समजलं.

"दिलं," मी म्हटलं. "मी दिलं. दुखण्याची गोळी."

"नाव काय?"

"पांढरी," मी म्हटलं. "गोल."

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत, चेहऱ्यावर काही दाखवलंही नाही. "उरलेली आहे का? घेऊन या," एवढंच म्हणाल्या. मी घरून तुकडा घेतला, दुकान उघडून कपाटातल्या पाकिटांशी ताडून पाहिला. पॅरासिटामॉल होतं, पण एकटं नव्हतं. सोबत आयबुप्रोफेन होतं. मी तो तुकडा आणि त्याचं नाव असलेलं पाकीट, दोन्ही त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी कागदावर नाव लिहून घेतलं, तिला रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती बोलत घरी आली. बहिणीने कपाटावरच्या कागदावर त्या गोळीचं नाव लिहिलं, या वेळी मला न विचारता. रागावली असती तर बरं झालं असतं.

डबा मी रिकामा केला. दुकानात प्रश्न अजून विचारते, पण पांढरी गोल म्हणणाऱ्याला आता हाकलत नाही. घरी फोन लावायला सांगते, वाट बघते.

गेल्या महिन्यात भाचीची दाढ दुखत होती. मी खाली गेले ती पॅरासिटामॉलचं अख्खं पाकीट घेऊन, नाव, तारीख, सगळं शाबूत. नाव तिच्यासमोर मोठ्याने वाचलं. डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलंय, हेही सांगितलं. तिने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि माझं मन दुखू नये म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाली, "मावशी, आई आली की घेते."

"बरं," मी म्हटलं, आणि आई येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले.