एक जानेवारीचा माणूस

सकाळी मी ई-रिक्षाची किल्ली फिरवायच्या आधीच काकू मागच्या सीटवर बसलेल्या असायच्या. मांडीवर पिशवी, पिशवीत खुरपी. मी "कुठं जायचं" विचारायच्या आधी त्याच विचारायच्या, "बबन, काल ज्या बाईला सोडलंस तिची जन्मतारीख विचारलीस का?" आता तुम्हीच सांगा, गढ्याच्या बाजारातून मदन महल स्टेशनाले जाणाऱ्या बाईले मी भाडं मागू का जन्मतारीख? एकदा विचारली होती. बाई अर्ध्या रस्त्यात उतरली अन भाडं बी नाही दिलं. काकू म्हणाल्या, "तुझी विचारायची पद्धत चुकली."

काकू म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरातल्या विमलकाकू. पोरींच्या शाळेत जिंदगीभर विज्ञान शिकवलं. काका गेले, पोरगी पुण्याले. असं एकटं झालं का माणूस पोथी वाचते, टीव्ही पाहते. काकूंनी मोबाइलात केल्टिक लोकांचं पंचांग काढलं. केल्टिक म्हणजे विलायतेकडचे फार जुने लोक, एवढंच मले समजलं. त्याइच्यात म्हणे मेष-वृषभ नसते, झाडं असतात. ज्या तारखेले तुम्ही जन्मले त्या तारखेचं झाड तुमचं, अन झाडाचा जो स्वभाव तो तुमचा. मी म्हटलं, "काकू, आपल्यात बी नक्षत्राचं झाड असते नं, मघाचा वड, रोहिणीचं जांभूळ?"

"असतं ना," काकू म्हणाल्या, "पण त्याला जन्माची वेळ लागते, पत्रिका लागते. याला नुसती तारीख पुरते. तेवढी तर प्रत्येकाजवळ असतेच."

इथंच त्या फसल्या.

मी शाळेत गेलो नाही. गेलो होतो एकदा, पण ते दुसऱ्याची म्हैस शोधायले. त्यामुळं माही तारीख कुठंच लिहिलेली नव्हती. आधार कार्ड काढाले गेलो तं तिथला पोरगा म्हणे, "चाचा, जन्मतिथि?" मी म्हटलं, "भैया, जो अच्छा लगे डाल दो." त्यानं एक जानेवारी टाकली. मले बी बरं वाटलं, साल आपल्यापासूनच सुरू होते.

काकूंनी हिशोब केला अन चष्मा काढून माह्याकडं पाहिलं. "बबन, तू भोजपत्र आहेस. जंगल जळून गेलं की सगळ्यात आधी उगवतं ते हे झाड. नव्या सुरुवातीचं झाड. तू पुढारी आहेस रे."

माही बायको सुमन तिथंच तांदूळ निवडून राहिली होती. ती म्हणे, "भोजपत्रावर जुने लोक पोथ्या लिहीत. याइच्यावर कोणी सही बी करत नाही."

पण काकूंच्या डोक्यात बसलं ते बसलं. गल्लीची नाली तुंबली होती. काकूंनी मले पुढारी करून वॉर्डाच्या ऑफिसात पाठवलं. साहेबाले पाहून माही जीभ टाळूले चिकटली. "नाली साफ करवा दो" म्हणायचं होतं, "साहब, आपकी बड़ी कृपा है" म्हणून आलो. वरून साहेबाच्या सासूले फुकटात स्टेशनावर सोडून दिलं. नाली होती तशीच.

"सुरुवात तर झाली," काकू म्हणाल्या. असा वैताग यायचा या बाईचा. चांगलं झालं का झाडामुळं, अन वाईट झालं का "झाडाला अजून पालवी यायची आहे."

मंग एक जानेवारी आली. काकूंनी गल्लीत घरोघरी तारखा विचारून ठेवल्या होत्या, अन त्याइले भलताच आनंद झाला होता. एवढ्याशा गल्लीत इतके भोजपत्र निघाले म्हणे. सकाळपासून लाडू वळले, अंगणात सतरंजी टाकली, सगळ्याइले ओवाळाले बोलावलं. अर्धी गल्ली आली. धोबी, दूधवाला, शेवंताबाई, आम्ही नवरा-बायको, सगळे म्हातारे-कोतारे टिळा लावून लाडू खात बसलो. काकू ओवाळता ओवाळता म्हणाल्या, "किती मोठा योग आहे हा."

माह्या तोंडात लाडू होता, तरी मी बोललो. चूप बसाची मले सवय नाही. "काकू, योग कायचा? याइच्यातला कोणीच आज जन्मला नाही. आम्ही सारे त्या आधारवाल्या पोराचे."

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. ताट खाली ठेवलं अन म्हणाल्या, "म्हणजे तुम्हा कुणालाच झाड नाही?"

मी म्हटलं, "झाडाचं काय करता काकू, आमाले वाढदिवस बी नाही."

त्याइनं जे मनावर घेतलं ते घेतलंच. उन्हाळ्याच्या आधी पोरगी येऊन काकूंले पुण्याले नेणार होती, घर विकाले काढलं होतं. जायच्या आधी प्रत्येकाचा खरा दिवस काढायचा अन ज्याचं झाड त्याले लावून द्यायचं, असा त्याइनं हट्ट धरला. बाकीच्याइची सोय लागली. कोणाची आत्या सांगून गेली, कोणाचा मोठा भाऊ. जे झाड इथं होत नव्हतं त्याच्या जागी काकूंनी त्याच्या स्वभावाचं इथलं दिलं, ओकवाल्याले साग दिला. राहिलो मी एकटा. माही माय गेली, बाप गेला. माह्या जन्माच्या वेळचं माणूस एकच उरलं होतं, पनागरची मावशी. अन मावशीचं अन आमचं बोलणं बंद होतं.

झालं असं का माह्या पोरीच्या लग्नात मानाच्या साड्या मीच वाटाले घेतल्या, अन मावशीची गेली बँडवाल्याच्या बायकोले. मावशी जेवली नाही, तशीच उठून गेली. त्याच्यानंतर कोणी कोणाच्या दारात गेलं नाही.

"मी नाही जात," मी काकूंले सांगतलं. "मले झाड नसलं तरी चालते. इतके दिवस चाललंच नं."

"तुझ्या मावशीचं वय काय?"

"असंल ऐंशीच्या वर."

"मग ती गेल्यावर कुणाला विचारशील?" काकू म्हणाल्या अन रिक्षात जाऊन बसल्या. "चल, पनागर."

रस्ताभर मी बडबड केली. बॅटरी उतरंल म्हटलं, चाक पंक्चर होईल म्हटलं. काकू म्हणाल्या, "होऊ दे. ढकलत नेऊ."

मावशी ओसरीत मटार सोलून राहिली होती. वर न पाहता म्हणे, "कोण हाय?"

"बबन."

"कोणता बबन? ज्यानं माही साडी बँडवालीले नेसवली, तो?"

"तोच," मी म्हटलं.

काकू तिच्यापाशी खाली बसल्या अन शेंगा सोलाले लागल्या. अर्धं टोपलं झाल्यावर विचारलं, "मावशी, हा झाला तेव्हा तुम्ही होतात ना?"

"मी नाही तं कोण? माह्याच हातात पडला. आवाज नाही, काही नाही. मले वाटलं गेलं पोरगं. उलटं धरून धपाटे घातले, तवा रडला. तवापासून आजपरेंत चूप बसला नाही."

"महिना कोणता होता?"

"महिना मले काय ठाव. अक्ती होती. अंगणात पोरी बाहुला-बाहुलीचं लगन लावून राहिल्या होत्या. अंतरपाट धरला, अन इकडून हा रडला. पोरी म्हणाल्या, घ्या, लगन लागलं नाही तं पोरगं बी झालं."

मावशी पदरात तोंड घालून हसत बसली. मी जरा बाहेर जाऊन रिक्षाची चाकं पाहून आलो. चाकाले काही झालं नव्हतं.

अक्ती म्हणजे अक्षय्य तृतीया. साल काही पक्कं होईना, काकूंनी मोबाइलात दोन सालं लावून पाहिली, दोन्हीत झाड एकच निघालं. विलो. आपल्याकडं त्याच्या जातीचं वाळुंज होते, पाण्याच्या काठाले. "पुढारी-बिढारी नाहीस तू," काकू म्हणाल्या. त्याइले जरा वाईट वाटलं असावं. "वाळुंज नमतं, पण मोडत नाही. आणि सगळं लक्षात ठेवतं, म्हणतात."

"मले सकाळची भाजी आठवत नाही."

"साडी आठवते ना? मग पुढच्या वेळी घेऊन ये."

पुढच्या वेळी मी साडी नेली अन काकूंनी ओळखीच्या माळ्याकडून वाळुंजाची फांदी आणली. मावशीनं साडीचा पदर चोळून पाहिला, "रंग काही खास नाही" म्हणे, अन आत जाऊन नेसून आली. काकूंनी फांदी मावशीच्या विहिरीजवळ ओल्या मातीत खोचली. मी म्हटलं, "काकू, इथं काहून? मी राहतो गढ्याले. पाणी घालाले मी रोज पनागरले येऊ का?"

"रोज कशाला? आठवड्यातून एकदा पुरे."

तेव्हा मले वाटलं, बाई म्हातारी झाली, अक्कल गेली. कोणाची गेली होती ते मले फार उशिरा समजलं.

काकू पुण्याले गेल्या. दर सोमवारी मी पनागरले जायचो, अन त्याइचा फोन यायचा. "कसा आहेस" नाही, "सुमन कशी आहे" नाही. सरळ, "पाणी घातलंस?" एकदा मावशीच्या बकरीनं शेंडा खाल्ला. मी फोनवर म्हटलं, एकदम झकास आहे काकू. मागून मावशी ओरडली, "बकरीनं खाल्लं, हा झूठ बोलून राहिला." काकू म्हणाल्या, "खाऊ दे. वाळुंज आहे ते." खरंच खालून दोन फुटवे आले. अक्तीले मावशीनं मले पुरणपोळी केली. आयुष्यात पहिल्यांदा माह्या जन्माच्या नावानं काही शिजलं.

ही गेल्या सालची गोष्ट. या साली थंडीत एका सोमवारी फोन आला नाही, अन मी बी पाण्याले गेलो नाही. मंगळवारी काकूंच्या पोरीचा आला. झोपेतच गेल्या म्हणाली. मंग म्हणाली, "बबनकाका, आई आदल्या दिवशी म्हणत होती, उद्या त्याला पाण्याचं विचारायचं आहे."

मी रिक्षा काढली अन सवारी न घेता सरळ पनागरले गेलो. विहिरीपाशी उभा राहिलो. झाड आता माह्या खांद्याएवढं झालं आहे. मावशी काठी टेकत आली. तिले सांगतलं. तिनं बालटी माह्याकडं सरकवली.

"सोमवार चुकला तुहा," ती म्हणे. "घाल पाणी."