उघडा राहिलेला डोळा

माझा डावा डोळा मिटत नव्हता, त्या दिवसांत शिवावरचा माझा विश्वासही उडत चालला होता, हे आधीच सांगते. कानामागे, मेंदूला लागून गाठ झाली होती. लातूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की पूर्वी अशी गाठ समूळ काढण्याकडे कल असायचा. आता अभ्यास चाललाय तो चेहऱ्याची नस कशी वाचवायची यावर. नसेला चिकटलेला गाठीचा तुकडा तसाच ठेवायचा आणि पुढे त्याच्यावर लक्ष ठेवायचं. त्यांनी तसंच केलं. नस तुटली नाही, पण दुखावली, आणि चेहऱ्याची डावी बाजू मेल्यासारखी झाली. नस जागी होईल किंवा होणारही नाही, वाट बघा, म्हणाले.

उदगीरला आमचं बांगड्यांचं दुकान. गिऱ्हाइकाचा हात हातात घेऊन हसत चार गोष्टी बोलल्याशिवाय बांगडी चढत नाही. माझं हसू अर्ध्यावरच थांबायचं, आणि बायका बांगड्या न भरताच उठायच्या. झोपेतही डोळा उघडाच. मालक म्हणाले, तू झोपलीस का बघून राहिलीस तेच कळंना, आणि पाठ करून झोपू लागले. डोळा कोरडा पडून नजर जाईल, ही भीती वेगळीच.

आम्ही लिंगायत. गुरूने दिलेलं इष्टलिंग मरेपर्यंत गळ्यातून उतरत नाही, आणि एकाचं दुसऱ्याने घ्यायचं नसतं. ऑपरेशनला मात्र ते उतरवावं लागलं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते सांभाळलं आणि घरी आल्यावर पुन्हा माझ्या गळ्यात घातलं. रोज सकाळी लिंग डाव्या तळहातावर घेऊन, पापणी न लववता त्याच्याकडे बघत राहायचं, ही आमची पूजा. माझ्या डोळ्याला त्यात कसले कष्ट, असं मी चिडून मनातल्या मनात शिवाला सुनवायची.

एका सकाळी लिंगाच्या काळ्या चकचकीत पाठीवर माझा इवलासा चेहरा दिसत होता. त्यातली मेलेली पापणी सावकाश खाली आली आणि वर गेली. मी उठून आरशात पाहिलं, तर डोळा सताड उघडा. दुसऱ्या दिवशी तेच, पुढेही तेच. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. तो चेहरा माझाच आहे का, अशी शंका येऊ लागली. कुणाला सांगितलं नाही. आधीच डोक्यात गाठ, त्यात हे. लोकांनी वेड्यात काढलं असतं. पूजेला बसणं मात्र सोडवेना.

मग श्रावणातल्या एका सोमवारी तोंडावर पाणी मारताना पापणी खरोखर मिटली. तशीच ओल्या तोंडाने मी देवघरात धावले. आत्याबाई पूजेला बसल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं, डावा डोळा उघडा, त्यातून पाणी वाहतंय. मला बघून त्या हसल्या, तेही अर्ध्यावरच.

त्यांना लगेच लातूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, यांच्या डोक्यात गाठ वगैरे काही नाही, असं कुणालाही होतं. तुमची नस तिच्या वेळेने जागी झाली, दोन्ही एकदम झालं हा योगायोग. परत येताना गाडीत आत्याबाई हळूच बोलल्या, "तुझ्या गळ्यात माझं लिंग हाय. तुझं माझ्यापाशी. दिसायला दोन्ही सारखीच. दवाखान्यातून आल्यावर मीच बदलून घातलं."

चुकून का मुद्दाम, मी विचारलं.

"माझं समदं बघून झालंय, बाई. तुला दुकानात बसायचंय."

घरी पोचल्यावर मी लिंग परत द्यायला गेले. त्यांनी हात मागे घेतला. मी रडले, पाया पडले, त्या बधल्या नाहीत. डॉक्टरांशी मी वाद घातला नाही, देवाशीही नाही. शरण जाणं म्हणजे सगळं देऊन टाकणं, असं मी समजत होते. जे मिळालं ते मुकाट्याने घेणं मला त्याहून जड गेलं. आता बायका पुन्हा दुकानात गप्पा मारत बसतात, आणि मोकळं हसताना मला चोरी केल्यासारखं होतं. सकाळी पूजा झाली की शिवापुढे आणि शेजारी बसलेल्या आत्याबाईंपुढे मी एकदमच हात जोडते. आधी कुणाला, हे ठरवत बसत नाही.