घाटोळे सरांचं निर्णायक मत

घाटोळे सरांचा मी सर्वांत जास्त ऋणी आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ती त्यांनी चढवली. त्यांच्याइतकं मला दुखावलंही कोणी नाही.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. सर रविवारी समता कॉलोनीतल्या घरी आम्हा गरजू मुलांना अमेरिकेची राज्यघटना फुकट शिकवत. एकदा एक मुलगी म्हणाली, "सर, तिथे सुरुवातीपासून लोकशाही होती."

"हव? मग तू बाहेर बस. बायांना मत नव्हतं." मग आमच्याकडे वळले. "ज्याच्या बापाच्या नावावर जमीन नाही, तो बाहेर."

राइस मिलवाल्यांचा पोट्टा तेवढा हसत उरला. "भैया, तुझा रंग पाह्यला का आरशात?" सरांनी त्याला विचारलं. तोही बाहेर आला. मे महिन्यात, तापलेल्या ओसरीत उभे राहून आम्ही ऐकलं. सर रिकाम्या खोलीत तासभर शिकवत राहिले. तो धडा कुणीच विसरलं नाही. ती मुलगी मात्र पुन्हा आली नाही. सर म्हणाले, "तिथल्या बायांनी शंभरावर वर्षं वाट पाह्यली. इले एक तास जड झाला."

सर नोकरीसाठी मुलांची शिफारस करत, तिचा नियमही तिथलाच. राष्ट्राध्यक्षाने निवडलेल्या माणसाची सेनेट आधी सुनावणी घेतं. तशी आमची व्हायची. प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारायचे, मग हात वर करून मतदान. सर उपराष्ट्राध्यक्ष. तिथल्यासारखंच, मतं समसमान पडली तरच त्यांचं मत.

एका नव्या सरकारी कार्यालयात टिपणं लिहिण्याची जागा निघाली. सरांच्या शब्दाला तिथे वजन होतं. बाबांची दोन बोटं नुकतीच उरला इंडस्ट्रियल एरियातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये गेली होती. मला ही नोकरी लागली तर त्यांना मिलवर परत जावं लागणार नव्हतं. सुनावणीला ते माझ्यासोबत आले आणि पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन दाराशी बसले.

शेवटचा प्रश्न माझ्या वर्गातल्या पंकजने विचारला. "साहेब बोलले की खरी गोष्ट टिपणातून काढून टाक, तर क्या करेगा?"

मी बाबांकडे पाहिलं. "काढीन. मले नोकरी पायजे."

मतं समसमान पडली. सर म्हणाले, "माझं मत विरोधात."

बाबा उठले. "साहेब, पोरगं माह्या हाताकडे पाहून बोललं."

"मीही पाह्यला, काका. भिऊन लिहिणारे तिथे पुष्कळ आहेत. आणखी एक कशाला?"

"आमच्यासारख्यानं भ्यायचं नाही, तं कोणी भ्यायचं?"

सरांनी पुढच्या मुलाला बोलावलं.

पट्टी सुटायच्या आधी बाबा मिलवर गेले. मी एकही रविवार चुकवला नाही. सरांनी शिकवलेल्याच्या जोरावर एम.ए. झालो, आता दुर्गला तोच विषय शिकवतो. यंदा बाबा वारले, तेव्हा सरांना पत्र पाठवलं:

"आदरणीय सर, सा. नमस्कार.

बाबा मंगळवारी गेले. हातपाय चालले तोवर मिल सुटली नाही. तुमचं मत बरोबर होतं, असं मी दरवर्षी वर्गात सांगतो. बाबांना ते कधी पटवता आलं नाही. ते विचारायचे, सरांच्या घरचं कोणी मिलमध्ये होतं का? मी म्हणायचो, विचारलं नाही. आज विचारतो आहे.

तेरवीला येऊ नका. आई तुम्हाला त्या एका मतावरूनच ओळखते.

आपला विद्यार्थी,
गजानन"