एका जिवाचा खेळ

गोळ्यांवर इतकं प्रेम करणारा माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. त्याचे मुलगी-जावई दिघीच्या बंदरावर कामाला होते म्हणून त्यानं श्रीवर्धनला आमच्या वाडीतली मागची खोली महिन्याभरासाठी घेतली. पुढे ती दोघं मायदेशी परतली, पण हा जपानी भाडेकरू काही हलला नाही. नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवरचे विमानांचे खेळ त्यानं तरुणपणी बनवले होते: पडदाभर गोळ्या आणि त्यातून जीव मुठीत धरून पळणारं टीचभर विमान. सत्तरीत तो आपला शेवटचा खेळ रचत होता आणि त्याला जळी-स्थळी गोळ्याच दिसत होत्या. फोडणीत मोहरी तडतडली की ती कुठवर उडाली हे वहीत टिपायचा. पोह्यांत मटार दिसले की आधी त्यांची नक्षी मांडायचा, मग खायचा. कमरेत वाकून नमस्कार सगळ्यांना: कोळणीला, पोस्टमनला, एकदा आमच्या म्हशीलाही. मराठी तो माझ्या बायकोकडून शिकला, त्यामुळे त्याची निम्मी वाक्यं दटावणीची असत. "मास्तर, पाय पुसून या!" हे मला, माझ्याच घरात.

त्याचा एक नेम होता. आपला खेळ आधी आपण, एकाच जिवात, म्हणजे विमान एकदाही फुटू न देता, शेवटपर्यंत खेळायचा. मगच जगाला द्यायचा. "मलाच न्हाय जमत, तर लोकांना कसा द्यायचा? ती फसवणूक हाय," असं तो ठणकावून सांगे. पण बोटं आता आखडायची. दोन वर्षं शेवटच्या टप्प्यावर विमान फुटायचं म्हणजे फुटायचंच. एका सकाळी तो म्हणाला, "मास्तर, उद्या सगळा पुसून टाकतो." माझी काही मदत होण्यासारखी नव्हती. मी तर पहिल्याच मिनिटाला मरत असे.

त्याच दिवशी वाडीत सुपारी उतरवणं चाललं होतं. गडी शेंड्यावरून घड सोडत होता, खाली सुपाऱ्या तडातडा उडत होत्या आणि बायको टोपली घेऊन त्यातून खुशाल चालली होती. हा ओरडला, "वहिनी, वर बघा!"

"वर बघून काय करू?" ती म्हणाली. "पडायचं ते पडतंच. मी आपली पाय कुठं टाकायचा तेवढं बघते."

तो तसाच आत गेला आणि खेळायला बसला. मी दारात उभा राहिलो. गोळ्यांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. नजर फक्त विमानावर. अर्ध्या तासानं पडदा पांढराशुभ्र झाला आणि आमचा भाडेकरू दोन्ही हात उंचावून "जमला, जमला!" करत अंगणात आला. बायकोसमोर असा वाकला की उठेचना. तिला वाटलं कमरेत उसण भरली. ती तेल आणायला धावली.

खेळ जगभर गेला आणि तोही मुलीकडे गेला. खोली आम्ही पुन्हा कुणाला दिली नाही. शेवटच्या टप्प्यात म्हणे पडद्याच्या तळाशी टोपली घेतलेली एक बाई चालत जाते आणि तिला एकही गोळी लागत नाही. तिला बघायचं म्हणून मी रोज खेळायला बसतो आणि रोज मरतो. "वर कशाला बघता हो?" बायको मागून म्हणते. खरं सांगायचं तर, त्याची आठवण आली की मला धड वरचंही दिसत नाही आणि खालचंही.