ब्रॉयरबाईंचा दवबिंदू

वसुधा गद्रे अंड्याचा केकसुद्धा खात नसे, आणि तिच्याच खिडकीत चिलटं खाणारं रोप होतं. ड्युसेलडॉर्फमधली मराठी विद्यार्थीमंडळी रविवारी वरणभाताला आली की दिनकर त्या कुंडीकडे बोट दाखवून म्हणे, "आमच्या घरात मांसाहारी एवढे एकच." मंडळी हसत. वसुधाला मात्र या विनोदात कधी गंमत वाटली नाही, आणि त्याला कारण होतं.

दिनकर रंगांच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. एकोणीसशे एकोणसाठ साली दोघं ब्रॉयरबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आली. खाली बाई एकट्याच. त्यांचा मुलगा योआखिम याने लढाईवर जाण्याआधी दलदलीतून दवबिंदूचं, म्हणजे चिलटं खाणारं, एक रोप आणून कुंडीत लावलं होतं. तो रशियात गेला आणि पुढे त्याची काही खबर नाही. मृत म्हणून नोंद करायची का, असं कचेरीने विचारलं की बाई प्रत्येक वेळी 'नाइन', म्हणजे नाही, म्हणत. जिन्यापाशी खुंटीला त्याचा जाड लोकरी कोट लटकत असे. त्याला कुणी हात लावायचा नाही.

त्या हिवाळ्यात बाई बहिणीकडे निघाल्या आणि कुंडी वसुधाच्या हाती दिली. "फक्त पावसाचं पाणी. नळाचं अजिबात नाही. आणि खोलीच्या उबेत ठेवायचं नाही."

"मला ठाऊक आहे," वसुधा ऐटीत म्हणाली. "आमच्याकडे साताऱ्याच्या पठारावर ढिगाने उगवतात."

उगवत होतेच. तांबूस पानं, केसांच्या टोकांवर चिकट थेंब, लहानपणी तिने त्यावर बोट चिकटवून पाहिलं होतं. फक्त तिकडचा दवबिंदू पाऊस सरला की मरतो आणि पुढल्या वर्षी बियांतून नवा उगवतो. नोव्हेंबरात इकडची पानं काळी पडली तेव्हा वसुधाने तोच हिशोब लावला. धुळीसारखं बी झटकून कागदाच्या पुडीत बांधलं, पुडी दुहेरी खिडकीच्या दोन तावदानांमध्ये, जिथे ती दूध ठेवी त्या गारठ्यात ठेवली, आणि मेलेलं रोप मातीसकट बागेतल्या कचऱ्यावर ओतलं. वर कुंडी घासून लख्ख केली. माणूस चुका करतो तेव्हा किती नेटकेपणाने करतो!

मार्चमध्ये बाई परतल्या. रिकामी कुंडी पाहून त्या खुर्चीवर बसल्याच. "अहो, ते झोपलं होतं. मधे कोंब असतो, घट्ट, दाण्याएवढा. वसंतात उघडतो."

वसुधा कचऱ्याकडे धावली. माळ्याने तो केव्हाच वाफ्यात मिसळून टाकला होता.

"तुम्हीसुद्धा मेलं म्हणालात," बाई एवढंच बोलल्या आणि दार लावून घेतलं.

"रविवारी दलदलीतून दुसरं आणू," दिनकर म्हणाला. "त्यांना काय कळणार आहे?"

"अहो, मला कळेल ना," वसुधा म्हणाली, आणि रडली. दिनकरने मग तो विषय काढला नाही.

तिने पुडी उघडली. ओल्या शेवाळावर बी पसरलं, खाली ताटलीत पन्हळीखालच्या पिंपातलं पाणी ठेवलं. मे महिन्यात टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके दिसले. त्या बियांना थंडी लागतेच, हे तिला फार नंतर समजलं. दुधाशेजारच्या जागेने काम केलं होतं. तिने अर्धी रोपं दुसऱ्या कुंडीत लावून ती बाईंच्या दाराशी ठेवली. कुंडी आत गेली. बोलणं मात्र 'गुटन टाग'च्या पुढे सरकायला वर्ष गेलं.

बासष्टच्या उन्हाळ्यात दोन्ही कुंड्यांत बारीक पांढरी फुलं आली. पुढे हिवाळा असा पडला की बर्फाने वाट बंद. पानं काळी पडली. त्या मार्चनंतर बाई प्रथमच वर आल्या आणि वसुधाच्या कुंडीवर वाकल्या. वसुधाने त्यांचं बोट धरून काळ्या पानांमधल्या घट्ट कोंबावर ठेवलं.

"हे सगळे उठतील?"

खोटं बोलणं सोपं होतं. "सगळे नाही," वसुधा म्हणाली. "गेल्या वर्षी दोन गेले. कोंब अगदी असेच दिसत होते."

बाईंनी बोटाने तो कोंब हलकेच चाचपला. "या," त्या म्हणाल्या. जर्मनमध्ये ते हो असतं. "काही जातात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकर कामावर निघाला तर बाई जिन्यापाशी कोट हातावर घेऊन उभ्या होत्या. ब्रशने झाडलेला. "तुमचा फारच पातळ आहे, गद्रेसाहेब. हा घाला."

वरून वसुधा घाईने उतरली. "पण योआखिम आला तर..."

"योआखिम येणार नाही," ब्रॉयरबाई म्हणाल्या आणि खालचं बटण स्वतः लावून दिलं.

बाह्या चार बोटं लांब होत्या. वसुधाने त्या कापल्या नाहीत. आत दुमडून टाके घातले.